देवासारखा व्हायला निघालेला नवरा

माझा नवरा देवासारखा व्हायला निघाला, तेव्हा घरात पाणी भरायला मी होते. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याच्याविषयी बोलणारे लोक पाण्याचं कधी नाव काढत नाहीत. ते त्याच्या उपासांचं बोलतात, आवाजाचं बोलतात, गुडघ्यांवर तो किती वेळ राहायचा ते सांगतात. मागे एका सभेत कुणीतरी म्हणालं की त्याच्या चेहऱ्यावर तेज होतं. असेल. घरातली चूल मी पेटवत होते, तिचं तेज माझ्याही चेहऱ्यावर पडायचं. ते कुणी पाहिलं नाही.

मी इथे त्याला 'तो' म्हणते आहे. तोंडावर कधी म्हटलं नाही, तेव्हा 'अहो'च होतं. आता तो नाही, आणि मी ऐंशीच्या पुढे गेले आहे. राग मात्र आहे तिथेच आहे.

आमचं गाव अडाण नदीच्या काठी, बोरी अरबच्या बाजारापासून दोन कोसांवर. गावाच्या शेवटी महारवाडा, आणि त्याच्याही पलीकडे आम्हा ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं, एक प्रार्थनाघर आणि मिशनची चौथीपर्यंतची शाळा. माझा बाप महारवाड्यातच जन्मला. तो ख्रिस्ती झाला तो स्वर्ग मिळावा म्हणून नाही. पाटलाच्या विहिरीवर कुणीतरी लोटा उंच धरायचं आणि हा खाली ओंजळ करून बसायचा. अर्धं पाणी ओंजळीत, अर्धं छातीवर. तसं पाणी आपल्या लेकरांनी पिऊ नये, एवढाच त्याचा धर्म होता. मला त्याने यवतमाळला मुलींच्या बोर्डिंगात ठेवून सातवीपर्यंत शिकवलं. पुढे मी आमच्याच शाळेत पहिली-दुसरीला शिकवू लागले, आणि त्याच गावच्या प्रचारकाशी माझं लग्न झालं.

लग्नानंतरची चार वर्षं चांगली गेली, हेही लिहिलं पाहिजे. प्रचारक म्हणजे पाळकाच्या, म्हणजे पाद्र्याच्या, हाताखालचा माणूस. रविवारची उपासना चालवायची, आजाऱ्यांकडे जायचं, मुलांना गाणी शिकवायची. तो ढोलकी छान वाजवायचा. नदीवरून पाण्याची घागर स्वतः खांद्यावर घेऊन यायचा. बाकीचे पुरुष हसायचे, तर म्हणायचा, "माह्या हाताले का मेंदी लागली?" बोरीच्या बाजाराला मला सायकलवर मागे बसवून न्यायचा. मुलगी झाली तेव्हा तिला धोतराच्या घडीत गुंडाळून सगळ्या वस्तीत दाखवून आला.

मग छप्पन्न साल आलं. त्या साली आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि महारवाड्यातली निम्मी माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. माझा चुलतभाऊही गेला होता. परत आल्यावर ओसरीत बसून म्हणाला, "ताई, आता आपन कोनाच्याच पायाले हात लावाचा नाई." मला ते आवडलं. त्याच सुमाराला माझ्या नवऱ्याला मिशनने वर्षभराच्या शिक्षणासाठी यवतमाळला पाठवलं. दारव्ह्याहून छोट्या आगगाडीने तो गेला तेव्हा मुलगी रडली, आणि मीही थोडी रडले.

वर्षाने तो आला तो बगलेत एक गुंडाळी घेऊन. कापडावर रंगवलेलं चित्र होतं, चांगलं पुरुषभर उंच. त्याने स्वतः रंगवलेलं. एक शिडी, तिच्या सात पायऱ्या. खाली कबुली, मग पश्चात्ताप, शुद्धी, त्याग, मौन, दर्शन. सगळ्यात वरच्या पायरीवर नुसते पिवळे किरण आणि एकच शब्द, सारूप्य. प्रत्येक पायरीशेजारी शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, एकेका संदेष्ट्याचं काहीतरी होतं. कुठे गरुडाचे पंख, कुठे ओठांना लावायचा निखारा, कुठे डोंगर, कुठे चाकांवर चाकं. प्रार्थनाघराच्या भिंतीवर ते टांगून त्याने पहिल्या रविवारी उपदेश केला.

"संदेष्ट्यांनी जे पाहिलं ते वर चढून पाहिलं," तो म्हणाला. "देवाने मनुष्याला आपल्यासारखं केलं, मनुष्य घसरला. आता पुन्हा चढायचं आहे. शेवटच्या पायरीवर मनुष्य आणि देव यांत फरक उरत नाही."

खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. वस्तीतले म्हातारे रडले. ज्यांना आयुष्यभर 'खाली बस' एवढंच ऐकायला मिळालं, त्यांना कुणीतरी वर जायची वाट दाखवत होतं. मी घरी येऊन त्याला म्हटलं, "लई चांगलं बोलले तुमी."

तो म्हणाला, "चांगलं बोललो असं म्हणू नकोस. ते माझं बोलणं नव्हतं."

तेव्हाच कळायला हवं होतं. 'मले'चं 'मला' झालं होतं, 'तुले'चं 'तुला'. शुद्ध बोलण्याला माझी काही ना नाही, मी स्वतः शाळेत मुलांना शुद्धच शिकवत होते. पण आपल्या बायकोशी, आपल्या चुलीपाशी, माणूस पुस्तकातलं बोलू लागला की त्याच्या-आपल्यात एक टेबल येऊन बसतं.

पहिल्यांदा त्याने घागर सोडली. तो पहाटे डोंगरीवर प्रार्थनेला जायचा, पाणी राहायचं. मी म्हटलं ठीक आहे. मग सायकल सोडली, बाजार सोडला. ढोलकी कुणाला तरी देऊन टाकली. उपास सुरू केले. आठवड्यातून एक, मग तीन. उपासाच्या दिवशी घरात भाकर थापलेली त्याला चालेना, वासाने मन खाली येतं म्हणाला. मी आणि मुलगी शेजारच्या ओसरीत जाऊन खाऊ लागलो. त्याच्या उपासापायी आम्ही आपल्या घरची भाकर चोरासारखी खाल्ली आहे.

मग एक दिवस मला पाळी आली. आमच्या बापाने घरातून जे सगळ्यात आधी काढून टाकलं ते हेच होतं, बाहेर बसणं. बोर्डिंगात तर बाई म्हणायच्या की देवाने केलेल्या देहाला विटाळ नसतो. त्या दिवशी मी त्याच्यापुढे पाण्याचा लोटा ठेवला. त्याने तो घेतला नाही.

"आज माझ्या वस्तूंना हात लावू नकोस," तो म्हणाला.

"काहून?"

"मी चौथ्या पायरीवर आहे."

"मंग?"

"वर जायचं तर अंगाला खालचं काही लागू नये. संदेष्ट्यांनी सांगितलं आहे, जे निघाले त्यांनी अशुद्धाला शिवू नये."

दुसऱ्या दिवशी त्याने बोरीहून नवा पितळी लोटा आणला. त्याचा वेगळा. तो फळीवर वर ठेवला. मग चार दिवसांचं ते महिनाभराचं झालं. त्याचं ताट वेगळं, चटई वेगळी. शेवटी त्याने प्रार्थनाघराच्या मागची खोली झाडून घेतली आणि तिथे राहायला गेला. मी ताट उंबऱ्यावर ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. मग तो घ्यायचा.

पहिल्या दिवशी ताट ठेवून बाजूला झाले तेव्हा मला माझा बाप आठवला, विहिरीच्या खाली ओंजळ धरून बसलेला. ज्या विटाळातून त्याने आम्हाला ओढून बाहेर काढलं होतं, तो शिडीवरून सरळ माझ्या घरात उतरला होता, हातात शास्त्र घेऊन.

घरापुरतंच असतं तर कदाचित मी गिळलं असतं. बायका गिळतात. पण त्याने प्रार्थनाघरातही पायऱ्या लावल्या. पुढच्या चटईवर जे तिसऱ्या पायरीपर्यंत आले ते. त्यांच्या मागे दुसरीवाले. दाराशी बाकीचे. कोण कुठल्या पायरीवर हे तो ठरवायचा. सगळ्यांसमोर उभं करून कबुली द्यायला लावायचा. पुरुषांच्या कबुल्या बिडी आणि तमाखूवर संपायच्या. बायकांना मात्र तो खोदून खोदून विचारायचा.

आमच्या मंडळीत जवळच्या तांड्यावरची एक म्हातारी होती. बंजाऱ्याची. तिच्या बोलीत आईला याडी म्हणतात, म्हणून आम्ही सगळेच तिला याडी म्हणायचो. ती ख्रिस्ती झाली त्याला वीस वर्षं झाली होती. कोपरापर्यंत बांगड्या, आरशांची चोळी, आणि अक्षरओळख नाही. पण वस्तीतल्या कुठल्याही बाळंतपणाला ती असायची. माझ्या मुलीची नाळ तिने कापली. प्रार्थनाघरात ती नेहमी पहिल्या ओळीत बसायची, कारण तिला ऐकू कमी यायचं.

एका रविवारी त्याने तिला उठवलं. "याडी, तुम्ही दाराशी बसा."

तिला ऐकू आलं नाही. तिने कानामागे हात धरला. "काय म्हनतं, बापू?"

"दाराशी! हे सगळं अंगावर घेऊन वर चढता येत नाही. बांगड्या उतरवा, मग पुढे या."

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. "ह्या माह्या लगनातल्या हायेत. मालक जिता हाये माहा."

"देवापुढे कोणाचा मालक?"

ती उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. मंडळीतल्या एकाही पुरुषाने तोंड उघडलं नाही. मीही नाही. हे मी स्वतःला माफ केलेलं नाही. दाराशी बसून ती उपासनाभर ओठ हलवत होती, काही ऐकू येत नसताना.

आता मुलीचं सांगते. ती तेव्हा सहा वर्षांची होती. एका दुपारी मी अंगण सारवत होते, तीही शेणाचे हात करून माझ्याबरोबर बसली होती. बाप दारावरून जाताना दिसला तशी ती "बाबा!" म्हणून धावली आणि त्याच्या पायांना मिठी मारली. तो मागे सरकला. तिचे हात सोडवले, दोन बोटांनी. मग रांजणातलं पाणी घेऊन त्याने आपलं धोतर धुतलं, तिच्यादेखत, आणि गेला. तिला रागावलाही नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती हात धुवायला लागली. आधी मला वाटलं, चांगली सवय. मग पाहिलं तर राखेने घासते आहे, सकाळी, जेवायच्या आधी, जेवणानंतर, झोपायच्या आधी. थंडीचे दिवस होते. बोटांची कातडी फुटली, सांध्यांवर रक्त आलं. मी तिचे हात धरले तर म्हणते, "माय, आता तं मी खाली नाई ना?"

मी तिला जवळ घेतलं. आणि माझ्यातलं काहीतरी असं तापलं की आता ते कुणालाच गार करता येणार नव्हतं.

त्या आठवड्यात शाळा सुटली की मी शास्त्र घेऊन वर्गातच बसायचे. संदेष्टे पहिल्यापासून वाचायला घेतले. बोर्डिंगात आम्हाला त्यातले तुकडे पाठ करायला लावायचे, सलग कधी वाचलेच नव्हते. मला वाटलं होतं की ते शांत, पांढऱ्या दाढीचे, वर बघणारे असतील. तसले नव्हतेच ते. रागावलेले होते. घराला घर आणि शेताला शेत जोडणाऱ्यांवर रागावलेले. गरिबाला जोड्यांच्या किमतीत विकणाऱ्यांवर रागावलेले. उपासाच्या दिवशीच मजुरांना पिळणाऱ्यांवर तर फारच. ते वाचताना मी एकटी त्या वर्गात मोठ्याने हसले.

शिडी मी शोध शोध शोधली. कुणी आपल्या पायांनी वर चढून देवासारखा झाल्याचं मला मिळालं नाही. एकाने सिंहासन पाहिलं तर तो मेलो, मेलो म्हणाला, माझे ओठ मळलेले आहेत म्हणाला. निखारा लागला तो त्यामुळे, बक्षीस म्हणून नाही. एक पालथा पडला. एकाला तर केसांना धरून उचललं. आणि मग यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात चढणारा सापडला. एकच. त्याने मनात ठरवलं होतं की ताऱ्यांच्या वर आपलं आसन मांडीन, ढगांवर चढेन, परात्परासारखा होईन. तो बाबेलचा राजा होता. आणि संदेष्टा त्याची टर उडवत होता.

मी पान दुमडलं. शास्त्राचं पान दुमडू नये असं शिकवलेलं, तरी दुमडलं.

रविवारी गीत झाल्यावर वाचन असायचं. ते वस्तीतला एक म्हातारा करायचा, पण त्या दिवशी तो लेकीकडे गेला होता. माझ्या नवऱ्याने पुढच्या चटईकडे बघत विचारलं, "आज वाचन कोण करेल?" मी मागच्या चटईवरून उठले. बाई वाचत नसे. पण मी शाळेत शिकवत होते, त्यामुळे पुढे येऊन पुस्तक उघडेपर्यंत कुणाला काही विचित्र वाटलं नाही. त्यालाही नाही. त्याने डोळे मिटून घेतले होते.

मी वाचलं. तो राजा मनात काय म्हणाला ते. मग तो कुठे पडला ते. खाली खड्ड्यात त्याला किड्यांचं अंथरूण कसं मिळालं, आणि येणारे-जाणारे वाकून वाकून कसे बघत होते, की पृथ्वी हलवणारा तो हाच का म्हणून. मुलांना शिकवायच्या आवाजात वाचलं, स्पष्ट, दाराशी ऐकू जाईल असं.

त्याने डोळे उघडले. "पुरे. बस खाली."

"खालीच हाये मी," मी म्हटलं. "तुमीच ठेवलं."

"ही उपासना आहे."

"हाव, मले मालूम हाये. त्या राजानं तं मनातल्या मनातच म्हनलं होतं. तुमी कापडावर रंगवून भितीले टांगलं. ज्यानं खरंच देवाले पाह्यलं तो घाबरून पडला. त्यानं बायकोचा लोटा येगळा नाई केला. लेकराचे हात नाई झटकले. देवासारखं व्हाचं हाये ना तुमाले? मंग देव कसा हाये ते तं पाहा. तो कोनाच्या घरी जेवला, कोनाचे पाय धुतले, ते पाहा. आन् घरी येऊन घागर उचला."

वर टांगलेलं ते कापड ओढून काढायचं मनात होतं, पण काढलं नाही. अजूनही वाटतं, काढायला हवं होतं. पुढच्या चटईवरचे लोक चटईची काडी खुडत बसले. दाराशी बसलेली याडी तेवढी मोठ्याने म्हणाली, "हाव!"

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो अगदी हळू म्हणाला, "तुझ्या तोंडून सैतान बोलतो आहे." आणि मागच्या दाराने निघून गेला.

पंधरा दिवसांनी यवतमाळहून पाळकसाहेब आले. चांगले होते, वयस्कर होते. आमच्या ओसरीत खुर्चीवर बसले, तो त्यांच्या शेजारी बसला, मी उभी. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं.

"पायऱ्या लावायला नको होत्या, हे मी यांना सांगितलं आहे," ते म्हणाले. "पण यांची तळमळ खरी आहे, बाई. अशी तळमळ आजकाल दिसत नाही. तुम्ही मात्र मंडळीसमोर पतीचा अपमान केलात. येत्या रविवारी क्षमा मागा, म्हणजे विषय मिटेल."

"मी मागीन," मी म्हटलं. "आधी यायनं याडीची मागावी."

"ते नंतर बघू."

मी आत गेले, मुलीला घेऊन आले आणि तिचे हात त्यांच्यापुढे धरले. "आन् याची कोन मागनार?"

पाळकसाहेबांनी हात पाहिले. फार वेळ पाहिले. मग पिशवीतून मलमाची डबी काढून माझ्याकडे दिली. मी घेतली. मलम चांगलं होतं, आठवड्यात फरक पडला. पण मी तिथे न्याय मागितला होता, आणि मिळालं मलम. त्या दिवसापासून आमच्या मोठ्या लोकांची रीतच मला कळली. आग लावणाऱ्याला तळमळ असते, आणि भाजलेल्याने आरडाओरडा केला तर अपमान होतो.

मी क्षमा मागितली नाही. महिन्याभरात त्याची उमरखेडच्या बाजूला बदली झाली. सामान न्यायला बैलगाडी आली. त्याची पेटी, चटई, लोटा, कापडाची गुंडाळी मी स्वतः नेऊन ठेवली. गाडीवान म्हणाला, "बाई, तुमचं?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"माहं इथंच राह्यते," मी म्हटलं. "पोरीचं पन."

त्याने मला बोलावलं नाही. मुलीच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं असावं, हात थोडा उचललाही. मग गाडीत बसला.

त्यानंतरची वर्षं कशी काढली ते विचारू नका. मिशनची शाळा पुढच्या वर्षी बंद झाली. नवरा सोडलेली बाई म्हणून आमच्याच लोकांनी पाठ फिरवली. मी पऱ्हाटीत कापूस वेचायला गेले, तुरीच्या शेंगा तोडायला गेले. याडी तांड्यावरून चालत यायची आणि मुलीला दिवसभर सांभाळायची. महाराष्ट्र झाला, मग जिल्हा परिषद आली, आणि सातवी पास म्हणून मला गावच्याच शाळेत घेतलं. मुलीचे हात बरे झाले. पण माणसं जवळ आली की एक पाऊल मागे सरकायची तिची सवय गेली नाही. ती आजही आहे, तिला आता नातवंडं आहेत तरी.

तिकडे उमरखेडला त्याचं नाव होत होतं. लोक ऐकायला लांबून यायचे, असं कानावर यायचं. शिडीचं कापड आता कुणा चित्रकाराकडून मोठं करून घेतलं होतं म्हणे.

सहासष्टच्या सुमाराची गोष्ट. दुपारी शाळेत मी पाढे घेत होते. फाट्यावर एसटी थांबली, आणि थोड्या वेळाने कुणीतरी शाळेच्या ओट्यावर येऊन बसलं. केस पिकलेले, अंग वाळलेलं. मुलांना पाटीवर लिहायला लावून मी बाहेर गेले.

"कसे आले?" मी विचारलं.

"मी सोडलं ते सांगनं," तो म्हणाला. "पायऱ्यांचं. वरस झालं."

मी खडूचे हात पदराला पुसले.

"तुले एक गोष्ट सांगाची राह्यली होती. लगनाच्या आधीची. मी नऊ वर्साचा होतो. बकरीचं पिल्लू पयालं आन् गावच्या देवळाच्या पायऱ्यायवर चढलं. मी त्याच्या मागं चढलो. तीनच पायऱ्या. मले खाली ओढलं, मारलं, ते जाऊ दे. मार तं रोजचाच होता. पन मंग त्यायनं पानी आनलं आन् पायऱ्या धुतल्या. माह्यापुढं. मले तिथंच उभं ठेवून. पयली, दुसरी, तिसरी." त्याने बोटांवर मोजलं. "मले वाटे, इतकं वर चढाव, इतकं वर, का मंग मागून कोनाले धुताच येऊ नाई."

या माणसाच्या घरी मी सातच वर्षं राहिले असेन, पण लग्न होऊन चौदा वर्षं झाली होती, आणि हे तो मला आज सांगत होता. मला रडू आलं. त्या नऊ वर्षांच्या पोरासाठी आलं. त्या पायऱ्या धुणाऱ्यांचे हात मला दिसले आणि ते मोडावेसे वाटले. आणि त्याच वेळी याचेही.

"मंग तुमाले मालूम होतं," मी म्हटलं. "धुनं कसं लागते ते तुमाले मालूम होतं! तरी पोरीनं हात लावला तं धोतर धुतलं तुमी? तिच्यापुढं?"

"मले समजलंच नाई मी काय करून राह्यलो ते."

"समजलं नाई कसं? सात पायऱ्या समजल्या न् हे नाई समजलं?"

त्याने मान खाली घातली. आत मुलं शांत झाली होती, ऐकत असावीत. तो म्हणाला, "आता मी काय करू, सांग."

तो मला क्षमा करायला सांगेल असं मला वाटलं होतं. त्याने तसं म्हटलं नाही, आणि मीही आपणहून दिली नसती. "तांड्यावर जा," मी म्हटलं. "याडी जिती हाये. तिले सांगा."

तो उठला आणि भर उन्हात तांड्याच्या वाटेला लागला. मी परत वर्गात जाऊन पाढे घेतले. काय घेतलं ते आठवत नाही.

पुढचं मला याडीने दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिची नजर गेली होती तोवर. दारात कुणी उभं राहिलंसं वाटलं म्हणून तिने विचारलं, "कोन रे बापू?" त्याने नाव सांगितलं. तिला नीट ऐकू आलं नाही. मग त्याला मोठ्याने, सगळ्या तांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगावं लागलं की मी तो, ज्याने तुम्हाला पहिल्या ओळीतून उठवलं, बांगड्यांवरून बोललो, दाराशी बसवलं. तांड्यातल्या बाया गोळा झाल्या. तिने त्याला बसवलं, ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. त्याच्या डोक्यावरून हात फिरवून तिने बोटं आपल्या कानशिलावर मोडली. तो तिच्या ताटातलं जेवला, आणि संध्याकाळच्या एसटीने उमरखेडला परत गेला.

"लई रडे तो," याडी मला म्हणाली. "म्या म्हनलं, मी तं तवाच सोडून देल्लं होतं. तूबी सोड, बाई."

"मी नाई सोडत, याडी," मी म्हटलं.

ती हसली. तिने सोडलं, तो तिचा अधिकार होता. मोठं मन होतं तिचं, आणि देवासारखं कोण होतं असं मला कुणी विचारलं तर मी तिच्याकडे बोट दाखवीन. पण माझ्या मुलीच्या वतीने माफी द्यायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही, आणि मुलीने मला कधी 'दे' म्हटलेलं नाही. तिला तो पोस्टकार्डं लिहायचा. ती उत्तरं पाठवायची, दोन ओळींची. तो वारला तेव्हा ती उमरखेडला जाऊन आली. मी गेले नाही. लोक म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं आहे. त्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे. मी त्या दिवशी शाळेत होते आणि पहिलीची मुलं नव्याने अक्षरं गिरवत होती.